वसंताचं गणित आणि माझा तपास

माझा धाकटा भाऊ वसंता अभ्यास करू लागला, तेव्हा आमच्या घरात काळजी पसरली.

गेल्या महिन्यात वसंता गेला. भेटायला येणारे त्याच्या हुशारीबद्दल बोलतात आणि मला त्याची सातवी आठवते. पन्नास-एक्कावन्नचा सुमार. आम्ही पार्ल्याला राहत होतो. वसंता गणितात आपटून पुन्हा त्याच वर्गात बसला होता. या खेपेला नापास झालास तर शाळा बंद, आत्याच्या यजमानांच्या छापखान्यात खिळे जुळवायचे, असं अण्णांनी बजावलं होतं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, विमा कंपनीत दावे तपासत. मेलेल्या माणसावरही त्यांचा चटकन विश्वास बसत नसे.

गणपती आटोपले आणि वसंता शाळा सुटल्यावर पाटी घेऊन नाहीसा होऊ लागला. दिवेलागणीला परते, गणित करत होतो म्हणे, आणि जेवायला नको म्हणे. आईने त्याची दृष्ट काढली. अण्णांनी तोंडाचा वास घेतला. वास लोणी-साखरेचा आला आणि अण्णा गंभीर झाले. विडी लपवायला बडीशेप पुरली असती. ज्या अर्थी वास इतका महागडा, त्या अर्थी प्रकरण मोठं असलं पाहिजे! (कचेरीत अशाच अनुमानांवर त्यांना बढती मिळाली होती.)

दिवाळी उलटली तरी हे थांबेना, तेव्हा तपास माझ्याकडे आला. मी मॅट्रिकला होतो, शिष्यवृत्तीवाला. शिवाय आदल्या वर्षी वसंताला गणित मीच शिकवलं होतं. तरीही तो नापास झाला, हा त्याच्या डोक्याचा दोष, याबद्दल निदान मला तरी शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुस्तक वाचत वाचत मी त्याच्या मागे निघालो. (पुस्तक हे नुसतं सोंग. पण ते रंगलं आणि वसंता दोनदा हरवला.) बिस्किटांच्या कारखान्यामागे तो भिंतीपाशी वळला. मी रिकाम्या खोक्यांच्या ढिगाआड दबा धरला. पलीकडून आवाज आला,

"अर्धा आणि पाव मिळान किती? खाव नको मेल्या, आधी सांग."

मी मान उंचावली आणि ढीग कोसळला. माझ्यासकट.

एका दणकट हाताने माझी मानगूट पकडली. हे धोंडूमामा: कारखान्यात डबे भरणारे, मालवणकडचे, स्वतः चौथी शिकलेले. समोर फडक्यावर फुटकी बिस्किटं मांडलेली, शेजारी वसंताची पाटी. उत्तर बरोबर आलं की तेवढा तुकडा तोंडात, अशी पद्धत होती.

"चोर काय रे ह्यो?" त्यांनी वसंताला विचारलं.

"नाही मामा. हा माझा दादा. मागच्या वर्षी मला यानेच गणित शिकवलं."

मामांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, वसंताकडे पाहिलं आणि मानगूट सोडली. "तरीच," एवढंच म्हणाले.

परतताना मी वसंताला खडसावलं. घरात मी असताना परक्याच्या दारात कशाला जायचं? तो शांतपणे म्हणाला, "तू शिकवलेलं आधी विसरायला लागलं ना दादा. त्यातच दिवाळी गेली."

खरं सांगितलं असतं तर अण्णांनी त्याचं कारखान्याकडे जाणं त्याच दिवशी बंद केलं असतं; मग छापखाना ठरलेलाच. म्हणून मी सांगितलं, की संशयास्पद काही नाही, मीच त्याला मोकळ्या हवेत उदाहरणं घालतो. आता अण्णा माझ्याकडे संशयाने पाहू लागले. माझ्याही तोंडाचा वास घेतला गेला. (सुदैवाने मला एकाही उत्तराला तुकडा मिळाला नव्हता.)

वसंता गणितात वर्गात तिसरा आला. अण्णांनी गुणपत्रिका उजेडात धरून, दोन्ही बाजूंनी तपासून, अखेर ती खरी असल्याचं मान्य केलं आणि थोरल्याने धाकट्याला कसं तयार केलं ते आळीभर सांगितलं. वसंता शेजारीच उभा होता. एक शब्द बोलला नाही, आणि पुढेही कधी बोलला नाही.

जूनमध्ये आळीतली चार मुलं माझ्याकडे गणिताला आली. एप्रिलमध्ये चौघंही नापास झाली.