मामांच्या बाजूचा ब्रेक

मोटार शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, तो शोभेचा. दुसरा शिकवणाऱ्याच्या पायाखाली, तो खरा. आमचे मामा उभं आयुष्य त्या खऱ्या ब्रेकवर पाय ठेवून जगत आले. सगळा भाग त्यांना मामाच म्हणतो. सख्खा भाचा मी एकटा, आणि त्याचा फायदा एवढाच, की माझ्याकडून ते फी घेत नाहीत; ती शिव्यांतून वसूल करतात.

इतकी वर्षं एकच काम केलेला पाय घरी आल्यावर गप्प कसा बसेल? टीव्हीवर कुणी घाईने जिना उतरताना दिसलं, की मामांचा उजवा पाय फरशीत रुततो. न्हाव्याची कात्री कानाजवळ आली, की रुततो. मामी उकळत्या चहाचं पातेलं घेऊन दारातून आली, तरी रुततो. त्यांच्या खुर्चीसमोरच्या फरशीचा एक तुकडा घासून गुळगुळीत झालाय. मामी तो पुसताना आल्यागेल्याला सांगते, "इथे आमच्या ह्यांनी शेकडो अपघात टाळलेत."

पायाचं सोडलं तर माणूस शांत. विद्यार्थ्याने गाडी गटारात घातली तरी आवाज चढत नाही. "गटार कुठे पळून जात नव्हतं हो, जरा दमाने घालायची," एवढंच. आणि त्यांचा एक धडा भागातल्या निम्म्या लोकांना पाठ आहे: मागून हॉर्न वाजला की गाडी पुढे दामटायची नाही. घाई त्याची आहे, आपली नाही. हा धडा ते मामीलाही ऐकवत. ती जेवायला हाका मारायची आणि हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "वाजवू दे हॉर्न."

असा माणूस त्या ॲपच्या नादी लागला.

झालं असं, की एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना फोनवरच्या 'उद्याचे मालक' नावाच्या ग्रुपात घातलं. तिथे टाय लावलेले एक 'सर' होते. ते रोज सांगत, आज पैसे कशात टाकायचे. आणि एक 'मॅडम' होत्या. त्या रोज सकाळी फुलांच्या चित्रासकट विचारत, "झोप झाली का छान?" मामांना हे कुणीच कधी विचारलं नव्हतं.

मामांची गाडी म्हातारी झाली होती. थंड हवेचं बटण दाबलं की गरम हवा यायची आणि तिसरा गिअर लहर लागली तरच पडायचा. नव्या गाडीसाठी मामा-मामी पैसे साठवत होते. मामी शिकवणीचे फोन घ्यायची, वेळा लावायची, आणि खर्चाच्या बाबतीत घरातला ब्रेक तिच्या बाजूला असायचा. मामांना वाटलं, साठवतोय त्याचे दुप्पट झाले तर एकदम नवी कोरी गाडी दारात उभी करू आणि बायकोला बाहेर बोलावू.

जुनी गाडी विकत घेताना मामा आधी ब्रेक दाबून बघतात. इथेही त्यांनी तेच केलं. थोडे पैसे घातले, ते वाढलेले दिसले, मग काढून बघितले. निघाले! खात्यात आलेसुद्धा.

"ब्रेक लागतोय रे," मामा मला आनंदाने म्हणाले.

उभ्या गाडीचा ब्रेक लागतोच, हे मोटार शिकवणाऱ्याला मी काय सांगणार? त्यांनी साठवलेलं सगळं त्यात ओतलं.

त्या दिवसापासून पायाच्या जोडीला अंगठा आला. सिग्नलला थांबलं की अंगठा फोनवर. विद्यार्थी गाडी वळवतोय, अंगठा फोनवर. आकडा वाढला की मामा खिडकीची काच खाली करायचे, थोडा उतरला की वर करायचे. एका जागी दोन मिनिटं बसायचे नाहीत. चहा अर्धा पिऊन उठायचे, चपला घालून दारापर्यंत जायचे, परत यायचे, आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, बघत होतो."

"काय बघत होतात?" मामी.

"दार."

"आहे ना जागेवर?"

पुढे मामांनी ॲपातले पैसे काढायला घेतले, तेव्हा ते निघेनात. मॅडम म्हणाल्या, एवढ्या मोठ्या नफ्यावर आधी कर भरावा लागतो, तो वेगळा पाठवा. आणि त्याच आठवड्यात पेट्रोल पंपावर मामांचं कार्ड चालेना. पंपावरच्या माणसाने ते पुसून पुन्हा लावलं, शर्टाला घासून पुन्हा लावलं, मग मामांकडे असं बघितलं, की मामांचा पाय जागच्या जागी रुतला. पैसे मी दिले. तिथून आम्ही सरळ बँकेत गेलो.

खिडकीतल्या मुलीने पडद्यावर बघून सांगितलं, "काका, खातं गोठवलंय. पैसे आत येतील, बाहेर जाणार नाहीत."

"म्हणजे वन-वे?"

"वन-वे."

"बोर्ड कुणी लावला?"

"पोलिसांनी. तुम्हाला त्या ॲपमधून मध्ये थोडे पैसे आले होते ना, ते दुसऱ्या कुणाचे तरी लुबाडलेले होते. त्याने तक्रार केली. माग काढत काढत तुमच्या खात्यापर्यंत आले."

"म्हणजे मी चोर?"

"नाही हो काका! तुम्हालाही फसवलंय. तुम्ही आजच तक्रार करा. आणि त्यांना आता एक पैसा पाठवू नका."

मामांनी मान डोलवली. मला वाटलं, सुटलो. पण बाहेर पायरीवर आल्यावर त्यांनी मॅडमना फोन लावला, आणि मॅडम म्हणाल्या, कर भरलात की रक्कमही सुटेल आणि खातंही सुटेल. बुडणाऱ्याला कुणी सांगितलं की किनारा याच बाजूला आहे, तर तो कुणाचं ऐकेल? मामांनी मॅडमचं ऐकलं.

त्यानंतरची तऱ्हा विचारू नका. गाडीत समोर पैसे भरायचा कोड चिकटवलेला. विद्यार्थी तो फोनने टिपायचे, 'पैसे मिळाले' असा गोड आवाज यायचा, आणि मामांचा चेहरा उतरायचा. फी रोख मागावी, तर शिकवणीचे फोन मामीकडे. ती लगेच विचारणार, रोख का? म्हणून विद्यार्थी फी देत होते, ती खात्यात जाऊन पडत होती, आणि पेट्रोलला मामा माझ्याकडे हात पसरत होते.

"मामा, कर त्याच पैशांतून कापून का घेत नाहीत ते?" मी विचारलं.

"तसा नियम नाही, म्हणाल्या."

"मामीला सांगा."

"सांगणारच आहे. पैसे आले की सांगणार आहे."

आणि मग त्यांनी खिडकीबाहेर बघत खरं ते सांगितलं. गॅरेजवाला पाना (त्याचं खरं नाव त्याच्या आईलाही आठवत नसेल) गाडी गहाण ठेवून घेऊन पैसे द्यायला तयार होता. उद्या सकाळची शिकवणी झाली, की गाडी त्याच्या गॅरेजात लावायची, पैसे घ्यायचे, त्याच्याच फोनवरून मॅडमना पाठवायचे.

"आणि शिकवणार कशावर? स्टुलावर बसवून?"

"दोन दिवसांचा प्रश्न आहे रे!" मामा ओरडले. मामा! गटारातल्या गाडीवर न ओरडणारे!

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मागच्या सीटवर जाऊन बसलो. शिकवणी केकवाल्या ताईंची होती. या ताई घरी केक करतात. पोचवणारी पोरं केक वाटेत आडवे करतात, म्हणून स्वतःच पोचवायचे असं ठरवून त्या गाडी शिकत होत्या, आणि मागच्या सीटवर तिमजली केक ठेवलाय अशा बेताने चालवत होत्या. त्या दिवशी केकच्या जागी मी होतो. सायकली आम्हाला मागे टाकून जात होत्या. एक आजोबा काठी टेकत बराच वेळ आमच्या बरोबरीने चालले आणि मग कंटाळून पुढे गेले.

मामांचा फोन थरथरत होता. मॅडम. "आज दुपारपर्यंतच मुदत आहे हं सर." पुन्हा थरथर. "सर, पाठवताय ना? तुमची फाइल बंद होईल." मामा फोन उचलत, "हो हो, निघालोच," म्हणत, ठेवत, घड्याळ बघत, बेल्ट सोडत, परत लावत. त्यांच्या अंगात मुंग्या भरल्यासारखं झालं होतं. मुंग्या मागच्या सीटपर्यंत आल्या.

आम्ही बाजाराच्या अरुंद रस्त्याला लागलो. मागे एक ट्रक आला आणि त्याने हॉर्न धरला तो सोडेचना. त्यात पुन्हा फोन.

"अहो ताई, घ्या ना पुढे! दाबा जरा!" मामा फोनकडे बघत ओरडले. "केवढी जागा आहे!"

ताईंनी दाबलं नाही. उलट कचकन ब्रेक मारला. मी पुढच्या सीटवर नाक आपटून घेतलं. समोर, दोन दुकानांच्या फटीतून एक बाई बाळाची गाडी ढकलत थेट रस्त्यावर आली होती. तिने आमच्याकडे बघितलं नाही, बाळाने बघितलं. ती पलीकडे गेली.

मी मामांच्या पायाकडे बघितलं. ब्रेकवर नव्हता. दोन्ही पाय मागे घेऊन, टाचा उचलून ते फोनवर वाकलेले होते. त्यांनीही तेव्हाच खाली बघितलं.

मागचा ट्रक ओरडतच होता. ताई स्टिअरिंग न सोडता म्हणाल्या, "मामा, रागावू नका. तुम्हीच सांगता ना, मागून हॉर्न वाजला की पुढे दामटायचं नाही? घाई त्याची आहे. मी नाही दामटली. चुकलं का?"

"नाही," मामा म्हणाले.

"गिअर काढू?"

"काढा. थांबा इथेच. वाजवू दे."

फोन पुन्हा थरथरला. मामांनी त्याच्याकडे बघितलं, मग आरशात ट्रककडे बघितलं, मग पुन्हा फोनकडे. उचलला.

"हं मॅडम. नाही, नाही पाठवत. कर तुम्ही आतल्याच पैशांतून कापून घ्या... होत नाही ना? मग तुम्ही थांबा मागेच." आणि फोन समोरच्या कप्प्यात टाकून त्यांनी झाकण लावलं. कप्पा आतून थरथरत राहिला. ताईंना वाटलं काहीतरी खासगी भांडण आहे, त्या सभ्यपणे खिडकीबाहेर बघत बसल्या.

शिकवणी संपवून गॅरेजवर आलो, तर पाना दारात हात पुसत उभाच होता. "आणा आत मामा, जागा करून ठेवलीय."

"हवा भर," मामा म्हणाले. "चारी चाकांत. आणि पैसे याच्याकडून घे." हा म्हणजे मी.

घरी मामीसमोर त्यांनी सगळं सांगितलं. उभ्यानेच. मामी वेळांची पाटी पुसत होती, ती पुसतच राहिली. पाटी कधीच कोरी झाली होती.

"पानाला माहीत होतं?" तिने पहिलं हे विचारलं.

"गाडीचंच फक्त."

"ह्याला?" मी दाराकडे सरकलो. "ह्याला माहीत, पानाला माहीत, त्या फुलंवालीला माहीत. मी काय, फोन घ्यायला ठेवलेली बाई?"

"अगं, तुला एकदम नवी गाडी दाखवून—"

"मी कधी मागितली नवी गाडी? गरम हवा येते म्हणून तुम्हीच कुरकुरता. मला हिवाळ्यात बरी वाटते ती." मग ती खुर्चीवर बसली, मामांच्या खुर्चीवर, आणि तिचा पाय नेमका त्या गुळगुळीत फरशीवर आला. डोळे पुसून तिने विचारलं, "गाडी आहे ना दारात?"

"आहे."

"उठा मग. तक्रार करून येऊ. दोघं. आणि तो कोड काढा गाडीतला, माझ्या खात्याचा लावा. आणि उद्यापासून मला गाडी शिकवा."

"तुला?" मामा दचकले. आजवर त्यांनी हे कैक वेळा टाळलं होतं. "घरच्या माणसाला शिकवलं की घर राहत नाही गं."

"राहिलंय का बघू."

गेलेले पैसे अजून आलेले नाहीत. येतील असं कुणी म्हणतही नाही. खात्यावरचा वन-वेचा बोर्ड तसाच आहे. मामा दर आठवड्याला पोलीस चौकीत आणि बँकेत जातात, तिथला बाक त्यांच्या ओळखीचा झालाय. ते अजूनही चहा अर्धा टाकून उठतात, दारापर्यंत जातात, परत येतात. फक्त आता कुणी विचारलं तर खरं कारण सांगतात, आणि मग ऐकणारा आपलीही अशीच एक गोष्ट हळू आवाजात काढतो.

परवा मामी पहिल्यांदा मोठ्या रस्त्याला लागली. मागच्या सीटवर मी, माझी हल्लीची नेहमीची जागा. पहिला गिअर, दुसरा गिअर, तिसरा काही पडला नाही. गाडी धक्के खात चालली होती, मागे एका रिक्षावाल्याने हॉर्न धरला होता, आणि मामांची अवस्था बघवत नव्हती. एक हात दाराच्या मुठीवर, दुसरा छतावर. गाडी मध्येच गप्पकन थांबली.

"अहो," मामी समोर बघत म्हणाली, "पाय काढा."

"काढलाय."

"काढा म्हणते ना. मी दाबते. माझ्या बाजूलाही आहे."

मामांनी पाय काढला. म्हणजे ब्रेकवरून बोटभर वर उचलला आणि तिथेच धरला. गाडी निघाली. घरी पोचेपर्यंत तो पाय तसाच हवेत थरथरत होता, पण खाली आला नाही.