एक लिटर कमी

मोरीत पाट टाकून तात्या बसले होते. समोर प्लास्टिकच्या तीन रिकाम्या बाटल्या, एक नरसाळं, पाण्याची बादली. बादलीतलं पाणी बाटलीत, बाटलीतलं पुन्हा बादलीत. भरायची, खिडकीकडे धरून बघायची, ओतायची. पुन्हा भरायची. सकाळचे दहा वाजलेले, अंघोळ नाही, चहा गार झालेला. मी दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी मान वर केली.

"अगं, त्या दिवशी तू खिडकीत होतीस ना? मी जुनं तेल मोजलं तेव्हा बाटल्या तीन भरल्या का चार? नीट आठवून सांग."

मी म्हटलं, "तीनच भरल्या."

खरं तेच सांगितलं. बाटल्या तीनच भरल्या होत्या. पण एवढं मोठं खोटं मी आयुष्यात दुसरं बोललेले नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. माझ्या थोरल्या बहिणीला सगळं सांगायची — सासूचं, जावेचं, नको ते सगळं — पण हे तिलाही नाही. आता सांगते. मला लिहायची सवय नाही, पाचवीत नापास झाले आणि शाळा सुटली. मागेपुढे झालं तर तसंच वाचा.

तात्या म्हणजे माझे यजमान. सगळी सोसायटी त्यांना तात्या म्हणायची, मुलगासुद्धा. पिंपरीकडच्या एका कारखान्यात फिटर होते. मग बाहेरून नवी मशिनं आली, इंग्रजी बोलणारे तरुण साहेब आले, आणि बावन्नाव्या वर्षी यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कुणाची, ते कुणी विचारलं नाही. माणूस घरी बसला, पण हात बसेनात. कोथरूडला आमच्या इमारतीत अठरा बिऱ्हाडं. कुणाचा मिक्सर, कुणाचा पंखा, कुणाची स्कूटर. "तात्या, जरा बघता का?" असं कुणी म्हटलं की यांचा चष्मा नाकावर. लोक म्हणायचे, तात्यांचा हात लागला म्हणजे झालं. ते वाक्य त्यांना जेवणापेक्षा जास्त लागायचं.

मुलगा अविनाश हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत. तीन वर्षं अमेरिकेत राहून आला, तिथे आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीची सवय लागली. इथे आल्यावर तसलीच जुनी गाडी शोधून आणली. तेव्हा तशा गाड्या पुण्यात फारशा नव्हत्या. सगळे बघायला आले. समोरचे कुलकर्णी मास्तर आत डोकावून म्हणाले, "क्लच नाही? मग डावा पाय घरी ठेवून जात असशील." अविनाश हसला. तात्या हसले नाहीत. ते गाडीभोवती फिरत होते. आपल्याला न कळणारं मशीन आपल्याच दारात उभं आहे, हे त्यांना सहन होईना.

त्या गाडीच्या गिअरचं तेल बदलायचं निघालं. अविनाश म्हणाला गॅरेजला देऊ. तात्या म्हणाले, "तीस वर्षं मी काय पोळ्या लाटल्या का? घरी करू." अविनाशने दोन दिवस नको म्हटलं, तिसऱ्या दिवशी एक एक लिटरचे पाच डबे आणून दिले आणि ऑफिसला गेला.

सकाळी तात्यांनी गाडी सुरू करून थोडी गरम केली, जॅकने उचलली, खाली टेकूला लोखंडी घोड्या लावल्या आणि पाठीवर सरकत आत गेले. मास्तर बघायला उभे होते. मी सहज विचारलं, "तेल काढायचं तर गाडी गरम कशाला केली? हात भाजेल ना." खालून आवाज आला, "मास्तर, आमच्या घरात दोन इंजिनिअर आहेत बरं का. एक हिंजवडीला जातो आणि एक पाचवी नापास." मास्तर हसले. जिन्यातल्या दोन बायका हसल्या. मीही हसले. असं हसायची मला सवय होती. लग्न झाल्यापासून होती.

घमेल्यात तेल पडलं. नवं तेल कुंकवाच्या पाण्यासारखं लाल, आणि हे करपलेलं, तपकिरी. तात्या म्हणाले, निवांत गळू दे, थेंबन् थेंब येऊ दे. हात धुऊन जेवायला बसले, जेवून पडले.

आता ऐका. आम्ही तळमजल्यावर. माळ्याखाली अडगळीची खोली, तिच्या दाराच्या चौकटीला दर वर्षी वाळवी लागायची. माझ्या माहेरी, मुळशीकडे, गोठ्याच्या खांबांना ट्रॅक्टरचं जळकं तेल फासत. वाळवी जवळ येत नाही. तात्या स्कूटरचं तेल बदलायचे तेव्हा ते काळं तेल माझं असायचं. तेच म्हणायचे, घे तुझं वाळवीचं औषध. म्हणजे जुनं तेल हे टाकायचं तेल. त्यावर माझा हक्क. ते झोपले होते तेव्हा मी तुपाचा लिटरचा रिकामा डबा घेतला, घमेल्यातून एक डबाभर तेल काढलं आणि चौकटीला फडक्याने फासलं. खालपासून वरपर्यंत, मागच्या बाजूनेही. सगळं जिरलं. डबा धुऊन पालथा घातला. बस. एवढंच केलं.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. इथपर्यंत माझा काय दोष? अडाणी बाई, सवयीने तेल घेतलं. मी स्वतःलाही बरीच वर्षं इथपर्यंतच सांगत होते.

पण त्या गाडीला गिअरचं तेल बघायची काडीच नव्हती. स्कूटरला असते, ट्रकला असते, हिला नाही. आत किती आहे ते बाहेरून दिसत नाही. म्हणून तात्यांनी ठरवलं होतं, जेवढं निघालं तेवढंच मोजून परत घालायचं. उठल्यावर त्यांनी घमेलं लिटर-लिटरच्या बाटल्यांत रिकामं केलं. तीन भरल्या. तळाशी उरलं ते फडक्यालाही पुरणार नाही एवढं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत मेथी निवडत होते. खिडकी पार्किंगमध्येच उघडायची. तेवढ्यात अविनाशचा मोबाइलवर फोन आला. तात्या पलीकडच्याचं वाक्यही मोठ्याने परत म्हणायचे, त्यामुळे दोन्ही बाजू कळायच्या. अविनाश सांगत होता, इंटरनेटवर चार लिटर दिलंय. तात्या म्हणाले, "तुझ्या इंटरनेटने ही गाडी बघितलीय का? मी डोळ्यांनी मोजलंय. तीन निघालं, तीनच घालणार. जास्त घातलं तर सील फुटतील."

चौथं कुठे होतं ते मला माहीत होतं.

हे लिहायला मला एवढी पानं लागली. मला नंतर कळलं नाही. मला तेव्हाच कळलं. हातात मेथीची जुडी होती आणि मला लख्ख कळलं. त्यांनी पहिला डबा फोडला, मी बघितलं. दुसरा. तिसरा. तीन डबे संपायला किती वेळ लागतो? नरसाळ्यातून, हळूहळू — पाऊण तास लागला. पाऊण तास मी खिडकीत होते. "अहो, थांबा, एक डबाभर मी घेतलंय," एवढंच म्हणायचं होतं.

का म्हटलं नाही? ओरडतील म्हणून? हो, ओरडले असते, मास्तरांसमोर ओरडले असते. पण मला त्यांच्या ओरडण्याची भीती कधी वाटली नाही. खरं ते वेगळंच आहे. मनात आलं, एकदा यांचंही चुकू दे. एकदा मुलासमोर यांची फजिती होऊ दे, पाचवी नापासची होते तशी. मेथी निवडता निवडता आलं आणि मी ते घालवलं नाही. मला ते बरं वाटलं.

उरलेले दोन डबे त्यांनी माळ्यावर ठेवले. संध्याकाळी अविनाशने गाडी फिरवून आणली, म्हणाला, एकदम मस्त. तात्या त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले. मी वाढल्या.

आठ-दहा दिवसांनी अविनाश, सून आणि विहीणबाई गाडीने मुळशीकडे निघाले. चांदणी चौकाच्या चढाला गाडीने दम सोडला. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलेना. मग मागे सरकायला लागली. मागे ट्रक. अविनाशने हँडब्रेक ओढला, ट्रकवाल्यानेही वेळेवर दाबला. कुणाला काही झालं नाही. विहीणबाई रस्त्याच्या कडेला दगडावर बसून देवाचं नाव घेत होत्या म्हणे. गाडी ओढून नेली. गॅरेजवाल्याने खोलून सांगितलं, गिअर आतून जळलाय, तेल लिटरभर कमी होतं.

अविनाश घरी आला. चिडला असता तर परवडलं असतं. तो तात्यांच्या शेजारी बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "तात्या, मी चार सांगितलं होतं. जाऊ दे. आता तुम्ही हे करू नका. वय झालं, होतं असं."

तात्या म्हणाले, "मी मोजलं होतं."

"हो, तात्या."

लहान मुलाला म्हणतो तसं तो "हो, तात्या" म्हणाला. मी तिथेच, चहाचे कप हातात घेऊन. तेव्हा बोलता आलं असतं. ट्रकचंही ऐकलं होतं. मी विचारलं, साखर हवी का अजून.

त्यानंतर मोरीतलं ते पाणी मोजणं सुरू झालं. बाटलीत खरंच लिटर मावतं का, नरसाळ्यात किती राहतं. महिनाभर. आणि मग तो प्रश्न, आणि माझं ते "तीनच." ते ऐकून तात्यांनी हातातली बाटली बादलीत ओतली. म्हणाले, "मग चौथी मी भरली आणि विसरलो. कुठेतरी ओतून आलो असणार." त्यांनी स्वतःच स्वतःवर आरोप ठेवला आणि साक्षीदार मी.

त्यांना वाटायला लागलं की आपलं डोकं जातंय. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवायचे — गॅस बंद केला, गोळी घेतली, कुलूप लावलं. कुणी मिक्सर आणला तर म्हणायचे, दुकानात द्या, माझ्या हातून बिघडेल. मास्तरांनी मुद्दाम चांगला चालणारा पंखा आणला, म्हणाले, "तात्या, याचा आवाज बघा, माझ्या बायकोपेक्षा जास्त आहे." तात्यांनी हात जोडले. हत्यारांची पेटी भंगारवाल्याला दिली. पाने, स्क्रू-ड्रायव्हर, तीस वर्षांची. भंगारवाल्याने विचारलं, "सगळं द्यायचं?" तात्या म्हणाले, "सगळं."

डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी आजची तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावलं. भराभर केलं. डॉक्टर म्हणाले, यांना काहीही झालेलं नाही. तात्या मला रिक्षात म्हणाले, "त्यांना काय माहीत. मला तीन आणि चारातला फरक कळला नाही." मी रस्त्याकडे बघत होते. रिक्षा कर्वे पुतळ्यापाशी थांबली होती. सिग्नल मोठा होता. बोलायला वेळ होता.

त्यानंतर तात्या चार वर्षं होते. या चार वर्षांत रोज एकदा तरी बोलायला वेळ होता.

अडगळीच्या चौकटीबद्दल त्यांनी एकदाच विचारलं होतं, काय फासलंस, वास येतोय. मी म्हटलं, मागचं स्कूटरचं तेल शिल्लक होतं. "बरं केलंस," म्हणाले. मोजणी आणि चौकट त्यांनी कधी एकत्र आणली नाही. माझ्यावर त्यांना संशय यायला जागाच नव्हती — ते काम माझ्या डोक्याच्या बाहेरचं आहे, असं त्यांना मनापासून वाटायचं.

गेले ते हृदयाने गेले. सकाळी चहा पिता पिता. खिशात चिठ्ठी सापडली: किल्ली खुंटीवर. किल्ली खुंटीवरच होती.

आता ती इमारत पाडून नवी बांधतायत. आम्ही भाड्याच्या जागेत आहोत. घर रिकामं केलं त्या दिवशी बिल्डरची माणसं दारं-खिडक्या काढत होती. सगळ्या चौकटी आतून पोखरलेल्या, हात लावला की भुगा. अडगळीची तेवढी अखंड निघाली. एकजण तिच्यावर हातोडा वाजवून म्हणाला, "आजी, ही कशी काय टिकली?" अविनाश शेजारीच होता. तो म्हणाला, "तात्यांनी काहीतरी केलं असेल. शेवटी शेवटी विसरायचे, पण आधी फार व्यवस्थित होते."

तात्या शेवटपर्यंत काहीही विसरले नव्हते. त्यांनी तीन बाटल्या मोजल्या, त्या तीनच होत्या.

हे मी अविनाशला तेव्हाही सांगितलं नाही. "हो," म्हटलं, आणि जाऊन टेम्पोत बसले.

तात्या गेले. मास्तरही गेले. त्या पार्किंगमध्ये त्या दिवशी होतो त्यांतली मी एकटी उरले आहे.