सहाव्याच्या वाट्याची हवा

कानमेस्त्री हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण डिझेल इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "तिसऱ्याचा इंजेक्टर," ही त्याची पद्धत. उघडून बघावं तर खरंच तिसऱ्या सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा इंजेक्टरच बिघडलेला! असं उभ्या आयुष्यात इतक्यांदा झालं, की आवाजाच्या बाबतीत स्वारी नाकावर माशी बसू देईना. गॅरेजात त्यानं "ठीक आहे" म्हटलं की विषय संपला. पुढे कुणी चकार शब्द काढायचा नाही.

घरी मात्र या कानाला कुणी भीक घालत नसे. "किटली शिट्ट्या मारून मारून अर्धी झाली," बायको आतून ओरडायची, "आणि हे महाशय तिच्याशेजारी बसून पेपर वाचताहेत!" मेस्त्री म्हणायचा, लक्ष नव्हतं. हल्ली त्याचं लक्ष बऱ्याचदा नसायचं.

थोरली मुलगी त्याच्याच हाताखाली शिकली होती. हातात पाना धरायला लागल्यापासून तिनं बापाची बोलणी खाल्ली. एक गोष्ट तर त्यानं तिच्या डोक्यात अगदी ठोकून बसवली होती. एकामागून एक तीन भाग खराब निघाले, तर भाग ठेव बाजूला आणि आधी ज्यानं मोजतेस ते तपास. लहान असताना तिनं वाकड्या पट्टीनं मोजून चांगले भाग भंगारात टाकले होते, त्या दिवसापासूनचं हे पालुपद. आता ती स्वतःचा ट्रक चालवायची. डोंगराच्या रस्त्यावर घसरलेल्या, बंद पडलेल्या अवजड गाड्या ओढून काढायचा तिचा धंदा. त्यासाठी इंजिनाची ताकद वाढवून घेतली होती. मोठा टर्बो, मोठे इंजेक्टर, सगळं बापलेकीनं मिळून बसवलं. मॅनिफोल्ड तेवढा कंपनीचाच राहिला होता.

आणि मग मागच्या महिन्यात ते झालं. सकाळी निघताना मेस्त्रीनं नेहमीप्रमाणे इंजिन ऐकलं, "ठीक आहे, जा," म्हणाला. चढावर, मागे भरलेला ट्रक ओढत असताना, सहाव्या सिलिंडरचा पिस्टन वितळला. इंजिन बसलं. दोन्ही गाड्या मागे सरकायला लागल्या. मागच्या ट्रकच्या ड्रायव्हरनं उडी टाकून चाकांखाली दगड लावेपर्यंत पोरगी ब्रेकवर उभी होती, अक्षरशः उभी! जेवताना तिनं हे सगळं दोन वाक्यांत सांगितलं आणि आमटी वाढून घेतली. मेस्त्रीनं ताट बाजूला सारलं. त्या दिवसापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोरगी पुन्हा त्या चढावर जाणार होती, आणि ती सुखरूप वर पोचेल असं इंजिन आपण देऊ शकतो का, एवढाच एक भुंगा डोक्यात.

"सगळा दोष त्या मॅनिफोल्डचा," तो भेटेल त्याला सांगायचा. त्यात तथ्य होतंच. टर्बोनं दाबलेली हवा सहा सिलिंडरांना वाटून द्यायची, हे मॅनिफोल्डचं काम. कंपनीच्या मॅनिफोल्डचं तोंड पुढच्या टोकाला. म्हणजे आई एका टोकापासून वाढत निघाली की पहिल्यांची ताटं भरतात आणि शेवटच्यापाशी येईपर्यंत पातेल्याचा तळ दिसतो, तसं. मेस्त्री स्वतः सहा भावंडांतलं शेंडेफळ. सहाव्याची उपासमार त्याला कुणी समजावून सांगायला नको होती. हवा कमी आणि डिझेल तेवढंच, म्हणजे सिलिंडर तापणार, पिस्टन वितळणार. शिवाय त्या मॅनिफोल्डची बैठक, म्हणजे इंजिनाला टेकणारी सपाट कड, मागच्या बाजूला वाकलेली निघाली. इंजिन तापल्यामुळे वाकली, मेस्त्री म्हणाला. मुलीनं त्या कडेवरून नुसतं बोट फिरवलं.

बाहेरच्या बनावटीचा मॅनिफोल्ड घ्यायला दोघं स्पेअर पार्टच्या दुकानात गेली. दुकानदार मेस्त्रीचा जुना दोस्त. लांबट, अंधारं दुकान, तेलाचा वास, आणि काउंटरवर पुठ्ठ्याच्या खोक्यात झोपलेलं भुरकं मांजर. दुकानदारानं तीन मॅनिफोल्ड काढून मांडले. एक आरशासारखा घासलेला, पण तोंड पुन्हा पुढेच. "हा गाडीला लावायचा की दिवाणखान्यात?" मेस्त्रीनं विचारलं. दुसरा पेटीएवढा मोठा, शर्यतीच्या गाड्यांचा. इंजिन जोरात पळत असेल तर तो हवाच हवा देईल, पण चढावर रांगत ओढायचं तर त्याचा काय उपयोग? तिसरा दिसायला अगदीच साधा, जाड ओतकामाचा. तोंड मधोमध, आणि आतली वाट दोन्ही टोकांकडे निमुळती होत गेलेली.

मुलीनं तिसऱ्यात हात घालून आतली भिंत चाचपली, त्याच्या बैठकीवर पट्टी आडवी धरून उजेडाकडे बघितलं. "हाच, बाबा. सहाव्यालाही पहिल्याइतकीच हवा मिळेल."

मेस्त्रीच्याही मनात तोच होता. "थांब, आधी वाजवून बघू दे," तो म्हणाला. ओतीव भाग तो असा घेतच नसे. दोरीला टांगायचा, छोट्या पान्यानं टिचकी मारायची. अखंड असेल तर भाग खणखणतो, आत तडा असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजतो.

त्यानं टिचकी मारली. बद्द.

"तडा आहे."

"काय सांगतोस!" दुकानदार उडालाच. आतून त्याच बनावटीचा दुसरा नग आणला. तोही बद्द. तिसरा आणला. तोही तसाच. "अरे, कुठला माल भरलायस हा? सगळाच्या सगळा भंगार!" मेस्त्रीचा आवाज चढला. दुकानदारानं त्याच्याकडे बघितलं, मग मुलीकडे बघितलं, आणि काउंटरवरची धूळ झटकायला लागला. मुलगी खाली मान घालून उभी होती.

मेस्त्री चिडून पुन्हा टिचकी मारणार, तेवढ्यात त्याला मांजर दिसलं. ते खोक्यात उठून बसलं होतं, कान टवकारून, थेट टांगलेल्या मॅनिफोल्डकडे बघत. त्यानं टिचकी मारली. मांजराचे कान थरथरले. पुन्हा मारली. मांजर वैतागून खोक्यातून उतरलं आणि कपाटाखाली गेलं.

बद्द आवाजाला मांजर कशाला उठेल?

 तीन भाग खराब निघाले. त्यानं आयुष्यभर पोरीला सांगितलेलं तेच आता त्याच्यासमोर उभं होतं. त्यानं गिऱ्हाइकांसाठी काउंटरवर ठेवलेली पितळी घंटी ओढली आणि वाजवली. आतल्या खोलीतून दुकानदाराची बायको "आले, आले" करत बाहेर आली. मेस्त्रीला ऐकू आला होता तो नुसता टक् असा आवाज; वरचा बारीक किणकिणाट त्याच्या कानात पोचलाच नव्हता.

तो स्टुलावर बसला.  मग त्याला किटली आठवली. आणि किटलीपाठोपाठ दुसरंच काहीतरी आठवलं.

"पोरी, त्या सकाळी... तू चढावर गेलीस त्या सकाळी. इंजिनातून शिट्टी येत होती का?"

मुलगी हातातली पट्टी बोटांत फिरवत राहिली.

"अगं, बोल ना!"

"येत होती, बाबा. बारीकशी. मागच्या बाजूनं."

म्हणजे बैठक आधीच वाकली होती. फटीतून हवा निसटत होती, ती सहाव्याच्या तोंडचीच. ती शिट्टी त्याला ऐकू आली असती तर गाडी गॅरेजाबाहेर गेली नसती.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ठीक आहे म्हणालात ना," ती म्हणाली. "मला वाटलं, माझाच भास असेल."

मेस्त्रीला रडू आलं. त्यानं ते लपवलंही नाही. लेकरानं आपल्या कानावर विसंबून स्वतःचे कान बंद केले, आणि आपण महिनाभर कंपनीला शिव्या घालत बसलो! दुकानदारानं पाण्याचा पेला पुढे केला. मुलगी शेजारी येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "बाबा, झालं ते झालं. मी आहे ना समोर, धडधाकट."

पाणी पिऊन झाल्यावर त्यानं तो छोटा पाना तिच्या हातात दिला. "तू वाजव. मी बघतो."

तिनं तिन्ही नग वाजवले. पहिला आणि तिसरा खणखणीत. दुसरा वाजवल्यावर मात्र तिच्या कपाळाला आठी पडली, तिनं पुन्हा वाजवला. "याचा आवाज मधेच मरतोय." दुकानदारानं भिंगातून बघितलं तर एका बोल्टाच्या भोकाजवळ केसाएवढी भेग होती. मेस्त्रीची छाती इतकी भरून आली, की पहिला नग उचलून गाडीत ठेवताना पाय कुठे पडतोय ते त्याला कळेना.

नवा पिस्टन आधीच घालून झाला होता; दुसऱ्या दिवशी मॅनिफोल्ड बसवला. हात अजून पक्के होते. मधल्या बोल्टापासून बाहेर येत एकेक बोल्ट त्यानं स्वतः आवळला. मुलीनं इंजिन सुरू केलं. मेस्त्रीनं सवयीनं स्क्रूड्रायव्हर उचलला, कानापर्यंत नेला, आणि तिच्यापुढे धरला. तिनं पहिल्यापासून सहाव्यापर्यंत सावकाश ऐकलं. सहाव्यापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबली.

शेजारच्या शेडमधला वेल्डर काम टाकून आला होता. "काय मेस्त्री, कसं वाटतंय इंजिन? जाऊ द्यायची का गाडी?"

"तिला विचार," मेस्त्री म्हणाला आणि हात पुसायला फडकं शोधू लागला.