नळाच्या नोंदी

"तुमच्या लोकांना प्रश्नच लई पडतात, मॅडम."

शाळा समितीचे अध्यक्ष बोलले. सातवीच्या पोरांसमोर. माझ्या हातात खडू तसाच.

आमची शाळा विज्ञान प्रदर्शनाला दरसाल जालन्याहून थर्माकोलचा तयार ज्वालामुखी आणायची. म्हणलं, औंदा पोरांना त्यांचाच प्रश्न शोधू द्या. बौद्ध वस्तीतल्या एका पोरीनं विचारलं, नळ सगळ्या गल्ल्यांत सारखाच वेळ येतो का? मी उत्तर दिलं न्हाई. मोज म्हणलं. पाच पोरं महिनाभर घड्याळ घेऊन नळापाशी उभी राह्यली. शंका आली तिथं पुन्हा मोजलं. तक्ता झाला, वर्गाच्या भिंतीवर लावला. अध्यक्षांच्या गल्लीत तासभर, वस्तीत दहा मिनिटं.

मी बी त्याच समाजाची. म्हणून अध्यक्षांना वाटलं, हे मीच शिकवलं.

तक्ता काढा म्हणले. मुख्याध्यापक खाली बघून राह्यले. आन् मी काढला. माझ्याच हातानं, एक एक टाचणी. त्या पोरीनं न सांगता घडी घालायला हात लावला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

प्रदर्शनात ज्वालामुखीच गेला.

अध्यक्षांचं एवढ्यावर भागलं न्हाई. दुसऱ्या हप्त्यात मुख्याध्यापक सरांनी ऑफिसात बोलावलं. कागद तयारच होता. विद्यार्थ्यांच्या नोंदी चुकीच्या आहेत, खाली माझी सही. न्हाई केली तर तक्रार वर जाणार, मंग बदली. सर तसे वाईट न्हाईत, रिटायर व्हायला आले. हळूच म्हणले, झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम.

खरं सांगते, पेन उघडला होता मी. लेक बारावीला, सासू अंथरुणाला खिळलेली. कुठं जाऊ?

मंग 'चुकीच्या' शब्दावर नजर थांबली. त्या पोरीच्या वहीत एक रकाना कोरा होता. त्या दिवशी ती तापानं फणफणली होती. अंदाजानं भरायचा की, मी म्हणल्ते. तर म्हणली, "मी बघितलंच न्हाई, तर लिहू कसं?"

बारा वर्षांची पोर.

पेन बंद केला. "सर, नोंदी बराबर हायेत. मी सही करणार न्हाई."

वस्तीत नळ अजून दहाच मिनिटं येतो. माझ्यानं ते बदललं न्हाई. बदलीचा कागद आज येईल, उद्या येईल. येऊ दे. पण ती पोरगी खोटी हाय, असं माझ्या सहीनं कुणी म्हणणार न्हाई.