पडला तर कोणाचा?

मला बघायला आले तेव्हा अण्णांनी स्वयंपाक येतो का हे विचारलं नाही, की पत्रिकेचा विषय काढला नाही. ज्याच्याशी माझं लग्न ठरायचं होतं तो मुलगा खाली मान घालून पोहे चिवडत होता. अण्णा मात्र दारातली माझी स्कूटी बघून आत आले आणि म्हणाले, "रोज निघोज्याला कामावर यावरच जातेस? हेल्मेट दाखव." भावाने ते कपाटावरून काढून दिलं. अण्णांनी उलटंपालटं केलं, पट्ट्याची कडी ओढून पाहिली आणि निकाल दिला, "मुलगी चांगली आहे. हेल्मेट बदला." लग्नात मला सासरहून साडीच्या आधी हेल्मेट आलं. माहेरी हा किस्सा अजून रंगवून सांगतात.

माझे सासरे चाकणच्या एका कारखान्यातून सेफ्टी ऑफिसर म्हणून निवृत्त झाले होते. कंपनीने त्यांना सोडलं, पण त्यांनी काही सेफ्टी सोडली नाही. आमच्या पिंपळे गुरवच्या सोसायटीत कुणी जमिनीपासून चार हात वर गेलं की अण्णा खाली हजर. खिडकीत उभी राहून काच पुसणारी सुनंदाबाई असो, टाकी धुणारे असोत की गणपतीच्या मांडवाचे बांबू बांधणारे, सगळ्यांना एकच प्रश्न, "पडला तर कोणाचा?" आणि समोरच्याने "आमची जबाबदारी, काका" असं म्हटलं की लगेच दुसरं वाक्य, "तोंडी नको. लेखी दे." दूधवाला "उद्या लवकर येतो" म्हणाला तरी यांच्या तोंडून "लेखी दे" निघायचं, आणि मग स्वतःच हसायचे. सोसायटीतली पोरं त्यांची नक्कल करायची. मला चारचौघांत लाजल्यासारखं व्हायचं, हेही खरं.

हा प्रश्न त्यांना कुठून चिकटला, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. मी मेथी निवडत होते, ते समोर बसून काड्या वेगळ्या करत होते. कारखान्याच्या छपरावर रंग देणारा एक माणूस पत्रा फुटून खाली आला. तो जमिनीवर कण्हत होता आणि भोवती उभी असलेली माणसं तो कुणाचा, यावर वाद घालत होती. कंपनी म्हणत होती ठेकेदाराचा, ठेकेदार म्हणत होता आजच रोजावर घेतलाय, माझा नाही. गाडी गेटातून बाहेर काढायची तर कुणाच्या नावाने, हेच ठरेना. अण्णा तेव्हा नवे होते. शेवटी त्यांनीच त्याला उचलून नेलं, पण फार उशीर झाला होता. "छपराने नाही मारलं त्याला," अण्णा म्हणाले, "त्या भांडणाने मारलं." मग मेथीत किती माती असते, यावर बोलत बसले.

आमच्या आवारात एक जुना गुलमोहर होता. खोड आतून पोकळ झालेलं आणि सगळा भार कदमवहिनींच्या बेडरूमवर कललेला. एका वर्षी वळवाच्या वाऱ्यात त्याची एक फांदी त्यांच्या सज्ज्यावर आदळली, तेव्हापासून त्यांच्या घरात कुणाला धड झोप नव्हती. महापालिकेची परवानगी आली आणि सेक्रेटरी कुलकर्णींनी बाळू ठेकेदाराला काम दिलं. बाळू इथलाच मूळ गाववाला, आवाज मोठा. त्याची माणसं आदल्या संध्याकाळी आली, खोडाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि हात जोडून झाडाची माफी मागितली, की बाबा, उद्या तुला तोडायचंय, राग धरू नको, आमच्यातला कुणी नेऊ नको. झाड तोडणाऱ्यांची ती रीतच आहे.

अण्णा चप्पल काढून उभे होते. त्यांनी प्रसादाचा तुकडा तोंडात टाकला आणि बाळूला विचारलं, "झाडाला विचारलंत, ते फार बरं केलंत. आता विमा कुठंय?"

"सोसायटीचा हाय की विमा, अण्णा."

"तो इमारतीचा. आग लागली, भूकंप झाला तर. त्यात तुझा माणूस नाही आणि शेजारच्या बंगल्याची भिंतही नाही. वर चढणारा पडला तर कोणाचा?"

बाळू हसला. "मानसं माझी कुठं हायेत? नाक्यावरची हायेत. आज माझ्याकडं, उद्या दुसऱ्याकडं."

कुलकर्णी घाईने म्हणाले, "अण्णासाहेब, आपण काम ठेकेदाराला दिलंय. माणसं त्याची."

"म्हणजे वर असेपर्यंत दोघांचा," अण्णा म्हणाले, "आणि खाली पडला की कुणाचाच नाही. मग उद्या काम नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कंपनीचं जुनं पिवळं हेल्मेट डोक्यावर चढवून झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसले. आता यांच्या डोक्यावर काय म्हणून करवत चालवणार? सगळी सोसायटी गोळा झाली. कुणी म्हणालं म्हातारपणी चळ लागलाय, कुणी मला बाजूला घेऊन "तुम्ही तरी समजवा" म्हणालं. परवानगी हातात असताना हे काय, असं कुलकर्णी ओरडले, तर अण्णा म्हणाले, "परवानगी झाड पाडायची आहे. माणूस पाडायची नाही."

मग कदमवहिनी आल्या. त्या ओरडल्या नाहीत, रडल्याच. "अण्णा, तुमचा विमा येईपर्यंत हे झाड माझ्या लेकरांवर येईल हो."

अण्णा खुर्चीतून उठले, वहिनींच्या घरात गेले आणि त्यांच्या पोरांच्या गाद्या खांद्यावर टाकून आमच्या घरी घेऊन आले. विम्याचं काम होईपर्यंत कदमांचं अख्खं कुटुंब आमच्याकडे राहिलं. अण्णांनी स्वतःची खोली त्यांना दिली आणि आपण हॉलमध्ये सतरंजीवर. पोळ्या लाटून लाटून माझे हात भरून आले, कारण तत्त्व सासऱ्यांचं असलं तरी पोळपाट माझा होता! पण त्या दिवसापासून मला त्यांची लाज वाटली नाही. आपल्या हट्टाची झळ दुसऱ्याला लागू न देणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

विम्यासाठी माणसांची पूर्ण नावं हवी होती, आणि ती बाळूलाच माहीत नव्हती. शेंड्यावर चढणाऱ्याला तर सगळे 'वान्नेर' म्हणायचे. अण्णांनी त्याला चहा दिला आणि पूर्ण नाव विचारलं.

"लक्ष्मण जी. लक्ष्मण किसन गवळी. जालन्याकडचा हाव." मग म्हणाला, "कामून इचारायलेत? इथं नाव कोणीच इचारत नाही."

"वारस कोण?"

"बायको हाय, गावाकडं. मला काई झालं तर तिला कळवताल का मंग?"

"काही होऊ नये म्हणूनच कमरेला बांधायचा पट्टा आणलाय," अण्णा म्हणाले. "पण झालं तर कळवू."

माणसांचा अपघात विमा झाला, शेजारच्याचं नुकसान झालं तर त्याचा वेगळा झाला, आणि मगच करवत चालू झाली. वरचं सगळं काम व्यवस्थित पार पडलं. शेवटची जाड फांदी कापून झाली आणि लक्ष्मणने उतरायला म्हणून पट्टा सोडला. तेवढ्यात दोराला बांधलेली ती फांदी गरकन फिरली, शेजारच्या बंगल्याची जाळी घेऊन गेली आणि तिच्या धक्क्याने लक्ष्मण कुंपणाच्या भिंतीवर आदळून खाली आला. त्याचा पाय नको तिथे वाकला होता.

बाळूने कुलकर्णींकडे पाहिलं, कुलकर्णींनी बाळूकडे. शेजारचे बंगलेवाले "आमची जाळी!" म्हणत बाहेर आले. एवढ्यात अण्णांचा आवाज आला, "कोणाचा ते आधीच ठरलंय. आता उचला!"

आणि उचलला त्याला. कुणी कुणाशी वाद घातला नाही. बाळूने त्याला स्वतःच्या गाडीत घातलं, कुलकर्णी मागच्या सीटवर त्याचा पाय धरून बसले. जाळीवाल्यांना अण्णा म्हणाले, "तुमचंही लिहिलेलं आहे. चहा घ्यायला या." उपचार विम्यातून झाले, पाय बरा होईपर्यंत घरखर्चही निघाला आणि लक्ष्मण वाचला. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. "उतरताना पट्टा सोडायचा नाही, हे मी त्याला सांगितलं नव्हतं," एवढंच म्हणाले. पूर्ण सोसायटी त्यांचं कौतुक करत होती, आणि हा माणूस आपलं काय चुकलं ते शोधत बसला होता. मी कुणाची सून आहे, ते मला त्या दिवशी नीट कळलं.

लक्ष्मणला पुन्हा वर चढता आलं नाही. त्याने पुढे स्वतःची टोळी उभी केली. खाली उभा राहून तो दोर धरतो, थोडं लंगडतो, आणि माणूस पूर्ण उतरल्याशिवाय त्याला पट्टा सोडू देत नाही. दर दसऱ्याला अण्णांना सोनं द्यायला यायचा.

गेल्या वर्षी अण्णा फिरायला गेले असताना रस्त्यातच छाती धरून खाली बसले. मी निघोज्याला कामावर होते, नवरा गावाला गेलेला. अण्णांना दवाखान्यात नेताहेत, एवढाच सोसायटीतून फोन आला तशी निघाले. चाकणहून भोसरीपर्यंतचं ट्रॅफिक त्या दिवशी कधी सुटणार असं झालं होतं. सारखं मनात येत होतं, अनोळखी माणसांनी वेळेत उचललं असेल का? दवाखान्यात दाखल करून घेतलं असेल का? की वाट बघत बसवलं असेल?

काउंटरवर अण्णांचं नाव सांगितलं आणि म्हटलं, मी त्यांची सून. तिथली मुलगी म्हणाली, "घाबरू नका, उपचार कधीच सुरू झालेत. त्यांच्या घरचे आहेत ना इथे." मी वळून पाहिलं. बाकावर लक्ष्मण बसला होता, केसांत लाकडाचा भुसा, मांडीवर अण्णांच्या चपला. जवळच्याच गल्लीत त्याचं काम चालू होतं. मुलगी सांगत होती, "मी विचारलं, पेशंट कोणाचा? तर हे म्हणाले, आमचा."

अण्णा त्यातून उठले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी थोडे शुद्धीवर होते, तेव्हा मी त्यांच्या कानाशी वाकून हे सगळं सांगितलं. काउंटरवर काय विचारलं, लक्ष्मण काय म्हणाला, सगळं. त्यांनी डोळे मिटूनच ऐकलं. मला वाटलं, झोप लागली.

मग ओठ हलले. "असू दे," अण्णा म्हणाले, "हे तोंडी चालेल."