चार बांबूंची जागा

"डोंगर आपल्या संघाचा सभासद नाही, त्याला ठराव पाठवून उपयोग नाही," असं कामिजो तोकुजी गावच्या पर्यटन संघाच्या एका सभेत म्हणाला होता. इतिवृत्तात नोंद झाली: 'श्री. कामिजो यांनी हवामानाविषयी उपयुक्त माहिती दिली.'

ओमिसावा या जपानी डोंगरगावात त्याला सगळे तोकूसान म्हणतात. वय त्रेसष्ट. उन्हाळ्यात तो डोंगरावर जाणाऱ्या पाळण्यांच्या चाकांना ग्रीस लावतो. हिवाळ्यात रोज सकाळी वर जाऊन खड्डा खणतो, बर्फाचे थर तपासतो आणि बर्फ कोसळण्याचा धोका किती ते फळ्यावर लिहितो. आखलेल्या उतारावरून घसरण्यात ज्यांना कमीपणा वाटतो असे शहरातले स्कीवाले त्या फळ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात, आणि मग फाटकातून पलीकडच्या मोकळ्या डोंगरात जातात. 'धोका मोठा' लिहिलं त्या दिवशी एकाने तर त्याचे आभार मानले. लाल अक्षरं फोटोत छान उठतात म्हणाला.

ते फाटक डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतं. आधी सुरक्षेची पूजा होते. चार हिरवे बांबू रोवायचे, त्यांना गवताचा दोर बांधायचा, मध्ये पुजाऱ्याने देवाला बोलवायचं. बांबू तोडून आणून रोवायचं काम तोकूसानचं. जागा वीस वर्षं तीच, फाटकाखालचा खोलगट भाग. वारा लागत नाही, आणि मागचा पांढरा उतार पाहुण्यांच्या खुर्च्यांवर असा ओणवलेला दिसतो की छायाचित्रकार खूश.

यंदा नोव्हेंबरात वीतभर बर्फ पडलं आणि मग दोन आठवडे नुसती कोरडी थंडी. ते बर्फ आतल्या आत झुरलं, त्याची जाड्या साखरेसारखी सुटी कणी झाली. त्यावर परवाच्या वादळाने कमरेएवढा घट्ट थर आणून ठेवला. शुक्रवारी सकाळी तोकूसानने खड्ड्याच्या भिंतीतून एक चौकोन कापला, वर फावडं ठेवलं आणि तीन बोटं आपटली. वरचा थर टेबलाच्या खणासारखा सरकून त्याच्या मांडीवर आला. खाली राहिली नुसती कणी. आपल्यापेक्षा तीच बरं बोलेल असं वाटून त्याने ती जेवणाच्या डब्यात भरली आणि दोनच्या सभेला गेला.

त्याचा विषय सातवा होता. खोलीत स्टोव्ह पेटलेला. अध्यक्ष फुरुहाता हॉटेलवाला, तोकूसानचा शाळेतला सोबती. त्याने सगळ्यांचं स्वागत केलं, बर्फाचं केलं, गेल्या वर्षी आभार मानणाऱ्यांचे आभार मानले. सहाव्या विषयात खुर्च्यांच्या गाद्यांचा रंग ठरला. मग तोकूसान उठला आणि त्याने डबा उघडला.

"पाणी आहे की रे," फुरुहाता म्हणाला.

"मघाशी कणी होती. या कणीवर तो अख्खा उतार बसलाय. खाली साठ माणसं बसवू नका. पूजा वाहनतळावर करा."

"वाहनतळावर? मागे काय दिसणार, बस?"

"बस अंगावर येत नाही."

"तोकूसान, तुम्ही दरवर्षीच घाबरवता हो," खानावळीच्या मिनेकोबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी काही झालं का?"

"गेल्या वर्षी खाली कणी नव्हती, बाई."

फुरुहाताने फाईल उलगडली. "जागेच्या कागदावर तुझाही शिक्का आहे. हा बघ."

"सप्टेंबरातला आहे. तेव्हा तिथे गवत होतं."

"मग तेव्हा बोलायचं होतंस!"

सगळे हसले. तोकूसानही थोडा हसला, सवयीने. सहीऐवजी मारायचा तो शिक्का त्याचाच होता, लाल, सरळ, स्वच्छ उमटलेला. गावातल्या कुठल्याही सह्यांत त्याचा शिक्का कधी आडवा आला नव्हता.

"देवाला दुसरी जागा चालेल का हो?" मिनेकोबाईंनी पुजाऱ्याला विचारलं.

"देवाचं काय," पुजारी चहा फुंकत म्हणाला, "चार बांबू जिथे, देव तिथे. पण पत्रिका छापल्यात ना."

ठराव झाला. सर्वांनी हेल्मेट घालावं, पुजाऱ्याने प्रार्थनेत उताराविषयी एक वाक्य वाढवावं. सूचनेबद्दल श्री. कामिजो यांचे आभार.

"तोकू, बस ना. आठवा विषय तुझ्या फळ्याचाच आहे. तो जरा रंगवू या म्हणतोय," फुरुहाता म्हणाला.

तोकूसान बसला नाही. डब्यातलं पाणी त्याने स्टोव्हवरच्या किटलीत ओतलं. दारापाशी जाऊन बूट चढवले, नाड्या सावकाश बांधल्या. भिंतीला त्याने कालच तोडून आणलेले चार बांबू टेकलेले होते, वर दोराचं वेटोळं. त्याने दोर गळ्यात अडकवला, बांबू खांद्यावर घेतले.

"अरे, आत्ता कुठे निघालास? बांबू सकाळी रोवायचेत," फुरुहाता म्हणाला.

बांबूंची टोकं दारात अडकली. त्याने ती वाकून सोडवली आणि बाहेर पडला. डावीकडे डोंगराची वाट होती. तो उजवीकडे वळला, वाहनतळाकडे.