डबा वाजलाच नाही

स्पेनमधल्या बाल्देरोब्ले गावात पाव करपला की "काय लाता!", गाढव अडून बसलं की "काय लाता!", पाहुणा उठायचं नाव घेईना की "लाता देतोय मेला!" लाता म्हणजे पत्र्याचा डबा. आता किरकोळ वैतागाला डबा का म्हणायचं? माद्रिदचे पंडित त्यावर काहीबाही सांगतात म्हणे. गावाला मात्र काडीची शंका नव्हती. विधवेनं किंवा विधुरानं दुसरं लग्न केलं की सारा गाव डबे आणि गुरांच्या घंटा घेऊन त्यांच्या खिडकीखाली ठणाणा करायचा, तो वाइन मिळेपर्यंत. शब्द तिथूनच आला, असं दोमितिला छातीठोक सांगायची. तिला खोडून काढायची कुणाची छाती?

कारण त्या ठणाण्याची सेनापती तीच. माणसं बिचारी भल्या पहाटे अंधारात चोरून लग्न उरकायची, तरी ही बाई चर्चच्या पायरीवर हजर! मग दिवसभर दारोदार फिरून फौज गोळा करायची.

आणि साठी उलटल्यावर या विधवा दोमितिलानंच विधुर एलादिओशी, गावच्या पिंपं बनवणाऱ्याशी, लग्न केलं. तेही भर दुपारी. होऊ दे काय गोंगाट व्हायचा तो! घरी वाइन काढून ठेवली, परातभर गोड कडबोळी तळली आणि खिडकीत बसली.

दिवे लागले. गल्लीत चिटपाखरू नाही.

"सुटलो बुवा!" एलादिओ म्हणाला.

"सुटलो?" दोमितिलाचा चेहरा पांढराफटक. "अहो, त्या तिरळ्या कासिल्दाच्या लग्नाला तीन रात्री डबे वाजले! आणि मला एक टिचकीसुद्धा नाही? मी काय मेले?"

जन्म या गावात काढला आणि गावानं तिला त्रास देण्याच्याही लायकीचं समजू नये! ती तशीच, लग्नाच्या काळ्या शालीत, शेजारच्या रेमेदियोसच्या दारावर धडकली. दार उघडलं, तर आत निम्मी गल्ली बसलेली, प्रत्येकाच्या मांडीवर डबा.

"आलीस बाई एकदाची!" रेमेदियोस खेकसली. "केव्हाचे ताटकळलोय!"

"कशासाठी?"

"तू बोलवायला येशील म्हणून! दर वेळी तूच येतेस ना?"

दोमितिलानं आ वासला.

"अगं शेळ्यांनो, माझ्याच लग्नाला मी बोलवायला येऊ?"

"मग दुसरं कोण येणार?" रेमेदियोस खरोखरच गोंधळून म्हणाली.

दोमितिला तरातरा बाहेर पडली. तिनं उरलेली दारं ठोठावली.

थोड्या वेळानं एलादिओनं खिडकी उघडली आणि तो जागीच थिजला. खाली अख्खा गाव डबे बडवत होता, आणि सर्वांच्या पुढे, शाल कमरेला खोचून, त्याची नवी नवरी ओरडत होती, "ए म्हाताऱ्या, लाज नाही वाटत या वयात? वाइन आण खाली!"